शाळूच्या सुगीतला उपवास

लेखमाला : उपवासाचे दिवस – भाग चौथा

जामखेडच्या माळावर फाल्गुनात शाळूची काढणी उरकत येते. कणसे खुडून होतात, कडब्याच्या पेंढ्या बांधून गंजी रचली जाते आणि घरात वर्षाची ज्वारी येऊन पडते. नव्या ज्वारीची भाकरी पांढरीशुभ्र होते, नुसत्या ठेच्याबरोबरही गोड लागते. नेमक्या याच दिवसांत तालुक्यातल्या ख्रिस्ती घरांमध्ये चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झालेला असतो.

युरोपात हे दिवस थंडीच्या अखेरीचे. हिवाळ्यासाठी साठवलेले धान्य आणि खारवलेले मांस सरत आलेले असे, त्यामुळे थोडा उपवास निसर्गच घडवून आणी. अहिल्यानगर जिल्ह्याच्या या आग्नेय टोकाला सगळे उलटे आहे. इथे कणगी भरलेली असते आणि आटत असते ते पाणी. भरल्या घरात हात आखडता घ्यायचा, आणि पाण्याची काळजी मात्र खरीखुरी करायची, अशी ही वेळ. भाकरी, तहान, धुळीने भरलेले पाय या शुभवर्तमानातल्या गोष्टी त्यामुळे इथे उपमा म्हणून ऐकल्या जात नाहीत. ऐकणाऱ्याने त्या सकाळीच भोगलेल्या असतात. इथल्या उपवासकाळाचे वेगळेपण शोधायचे तर ते इथे सापडते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

गेल्या आठवड्याच्या भागात रमजानचे रोजे आणि चंद्रदर्शन यांची गाठ आपण पाहिली. ईस्टरची तारीखही चंद्रच ठरवतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो. ही पौर्णिमा बहुतेक वर्षी चैत्री असते. २०२५ साली १२ एप्रिलला हनुमान जयंती झाली आणि २० एप्रिलला ईस्टर आला. एखाद्या वर्षी ती होळीची पौर्णिमा निघते: २०२४ साली २५ मार्चला धुळवड झाली आणि ३१ मार्चला ईस्टर. मारुतीच्या देवळात जन्मोत्सवाचा नारळ फुटतो, तेव्हा वर जो चंद्र असतो त्याच्याच हिशेबाने चर्चची घंटा वाजते. २०२५ मध्ये तर आणखी एक योग जुळला. २ मार्चला पहिला रोजा आणि ५ मार्चला राखेचा बुधवार. एकाच गल्लीत दोन घरांचे उपवास एकाच आठवड्यात सुरू झाले.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर दिवस भरतात शेहेचाळीस. त्यातले सहा रविवार वगळायचे, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस. त्या दिवशी उपवास नाही. उरतात ते चाळीस, येशूने अरण्यात काढलेल्या दिवसांइतके. कॅथलिक मंडळींत त्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस उमटवतात. ही राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या झावळ्यांची. वर्षभर घरात जपलेल्या झावळ्या परत आणायच्या, त्या जाळायच्या आणि तीच राख कपाळी लावायची. कॅथलिक शिस्तीप्रमाणे राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोन दिवशी १८ ते ५९ वर्षांच्या माणसांनी एकच पोटभर जेवण घ्यायचे, आणि चौदा वर्षांपुढच्यांनी शुक्रवारी मांस टाळायचे. प्रॉटेस्टंट घरांत असा लेखी नियम नाही. कोणी चाळीस दिवस मटण-अंडी सोडतो, कोणी चहा, कोणी फक्त शुक्रवार पाळतो, कोणी तंबाखूची पुडी आयुष्यातून काढून टाकण्याचा प्रयत्न याच मुहूर्तावर करतो.

हिंदू शेजारणीला मात्र या उपवासाचे नेहमी नवल वाटते. मराठी घरात उपवास म्हटला की साबुदाणा, वरई, रताळी, शेंगदाण्याची आमटी असा वेगळा स्वयंपाक आलाच. ख्रिस्ती उपवासाला वेगळा पदार्थच नाही. जे रोजचे तेच कमी खायचे, आणि वाचलेले पैसे डब्यात टाकायचे. हा डबा पवित्र आठवड्यात चर्चमध्ये उघडतो आणि पैसे आजाऱ्याला, विधवेला, शिकणाऱ्या पोराला जातात. मध्येच होळी येते, गुढीपाडवा येतो, शेजारून पुरणपोळीचे ताट येते. ते परत कसे पाठवणार? पुरणपोळीत मांस नाही, आणि शेजाऱ्याचे मन मोडणे हे काही व्रत नव्हे, असा निकाल घरातली म्हातारी देते आणि पोळीवर तूप वाढते.

आता थोडे इतिहासात जायला हवे, कारण नगर जिल्ह्यात हा काळ जसा पाळला जातो, तसा तो सुरुवातीपासून नव्हता.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. ही माणसे न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल परंपरेतली. त्यांच्या पूर्वजांना उपवासकाळ, राख, सणांचे दिनदर्शक यांचे प्रेम नव्हते. बायबल, प्रवचन आणि रविवार एवढ्यात त्यांचा धर्म मावे. पुढे अँग्लिकन मिशन आणि जेझुइट पाद्री जिल्ह्यात आले, त्यांच्याबरोबर चर्चचे सगळे वर्षचक्र आले. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांत, विशेषतः १८७६ ते ७८ आणि १८९९-१९०० या काळात, महार आणि मांग समाजातली अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा परंपरांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केली. अशा एकत्र आलेल्या मंडळ्यांत एका बाकावर बसलेल्या दोघांपैकी एकाच्या पणजोबाने राखेचा बुधवार ऐकलाही नसेल आणि दुसऱ्याच्या पणजीने तो कधी चुकवला नसेल. आज दोघेही एकच पुस्तक उघडून गातात.

त्या पुस्तकाचे नाव ‘उपासना संगीत’. मराठी प्रॉटेस्टंट घरात ते बायबलशेजारी असते. त्यातला मोठा वाटा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, आणि पुढची बरीच वर्षे त्यांचे घर नगर आणि राहुरीत होते. विलायती चालींवर बेतलेल्या गीतांऐवजी त्यांनी अभंग, भजने आणि पदे लिहिली. त्यांच्या आधी नगरच्याच कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता. त्यामुळे उपवासकाळातली घरगुती प्रार्थना इथे भजनासारखीच रंगते. संध्याकाळी सात-साडेसातला आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी सतरंजी पडते. पेटी, ढोलकी, टाळ. दुःखसहनाचा एक अध्याय वाचतात, पाळक किंवा घरातलाच कोणी दोन शब्द बोलतो, मग आजाऱ्यांची नावे घेऊन प्रार्थना होते. शेवटी चहा. चहा सोडलेल्याला लिंबूपाणी.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य हाती घेतले आणि ते अपुरे ठेवून १९१९ साली ते गेले. सुरुवातीचे अध्याय त्यांचे. पुढचा बहुतेक भाग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिला. म्हणजे येशूच्या अखेरच्या दिवसांची मराठी ओवी, अटक, वधस्तंभ, रिकामी कबर हे सगळे, शाळेचे शिक्षण न मिळालेल्या एका बाईच्या हातचे आहे. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ सगळ्यांनी वाचलेले असते. हे काम मात्र फार थोड्यांच्या लक्षात आहे, आणि ते लक्षात राहायला हवे. नगर जिल्ह्यातल्या घरांत हा काळ आजही बाईच चालवते. डब्यात पैसे पडतात का याकडे लक्ष तिचे, मुलांना वचने पाठ करून घेणारी ती, आणि प्रार्थनेला कोणाचे घर राहिले हेही तिलाच ठाऊक.

शब्दांचीही एक गंमत आहे. ज्या यहुदी सणाच्या वेळी येशूला मारले गेले, त्याला मराठी बायबलात ‘वल्हांडण’ म्हणतात. मिसर देशात मृत्यू ज्या घरांना ओलांडून पुढे गेला, त्यांची ती आठवण. आणि ओलांडण्याच्या क्रियापदातूनच हे नाव घडले. इंग्रजीची किंवा हिब्रूची उसनवारी न करता उंबऱ्यावरचा शब्द शोधणारा भाषांतरकार कान उघडे ठेवून गावात हिंडला असणार. ‘क्रूस’ पोर्तुगीजांकडून आला, ‘वधस्तंभ’ संस्कृतातून घडवला, पण ‘वल्हांडण’ घरचा आहे. मुलांना तो समजावून सांगावा लागत नाही.

झावळ्यांचा रविवार आला की पोरांची धांदल. जामखेडकडे नारळ कुठला? ओढ्याकाठच्या शिंदीचे फाटे चालतात, आणि तेही न मिळाले तर हिरवी डहाळी. मिरवणूक चर्चला वळसा घालते, होसान्नाचा गजर होतो आणि पवित्र आठवडा लागतो.

गुरुवारी प्रभुभोजन. शेवटच्या जेवणाच्या रात्री येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून काही चर्चमध्ये पाळक मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतो. जामखेडमध्ये या विधीकडे पाहताना दोन डॉक्टरांची आठवण टाळता येत नाही.

रजनीकांत आरोळे याच जिल्ह्यातल्या सुप्याचे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांची मेबल यांच्याशी गाठ पडली. उपेक्षित खेड्यांसाठी आयुष्य द्यायचे, असा संकल्प दोघांनी लग्नाच्या दिवशीच केला होता. जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काढली आणि तिथे एक गोष्ट ध्यानात आली: बरे करून पाठवलेला रोगी तोच आजार घेऊन परत येतो, कारण आजाराची मुळे गावात आहेत. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० साली, म्हणजे नागपुरात चर्च एक झाले त्याच वर्षी, ते जामखेडला आले आणि समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू झाला. गावोगावच्या बायका, त्यांतल्या अनेक दलित आणि निरक्षर, आरोग्य सेविका झाल्या. त्या शिकायला जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत. सवर्ण घरातल्या बाळंतिणीला दलित सेविकेचा हात लागणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. १९७९ साली दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. आपल्या कामाचे मूळ श्रद्धेत आहे हे त्यांनी लपवले नाही, आणि उपचाराच्या बदल्यात कोणाची श्रद्धाही मागितली नाही. गुरुवारच्या त्या रुमालाचा अर्थ सांगायला लेखकाला याहून जवळचे उदाहरण सापडत नाही.

उत्तम शुक्रवारची उपासना दुपारी बारा ते तीन. पांढरे कपडे, बिनफुलांची वेदी, घंटा नाही. वधस्तंभावरून येशू सात वेळा बोलला. त्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, आणि त्यांत महिला मंडळातली एखादी बाई, तरुण संघातला एखादा मुलगाही असतो. तीन तासांच्या या उपासनेचा उगम सतराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण अमेरिकेत, पेरूमधल्या लिमा शहरात, जेझुइटांकडे सापडतो. तिथून ती जगभर गेली आणि मराठवाड्याच्या वेशीवरच्या या तालुक्यातही रुजली.

पाचवा उद्गार तहानेचा. चैत्रातली दुपार, डोक्यावर तापलेला पत्रा, सकाळपासून पोटात अन्न नाही, आणि बाहेर एखाद्या वस्तीवर टँकरची वाट पाहणारे हंडे. या उद्गारावर बोलणाऱ्याला फार शब्द लागत नाहीत.

१९७२ च्या दुष्काळाची गोष्ट जुनी माणसे अजून काढतात. आरोळे दाम्पत्याने गावांना विचारले तेव्हा लोकांनी औषध मागितले नाही. आधी अन्न आणि पाणी मागितले. मग विंधनविहिरी खोदायचे ठरले. ज्यांना गावच्या विहिरीवर शतकानुशतके मज्जाव होता, त्यांच्याच वस्तीत शक्य तिथे हातपंप बसवले गेले. पाणी हवे तर सगळ्या गावाने तिकडे यायचे. गाव आले. एकाच दांड्याला सगळ्यांचे हात लागले.

तीन वाजता उपासना संपते आणि माणसे फार न बोलता घरी जातात. कुठे पिठले-भाकरी, कुठे आमटी-भात, एवढ्यावर उपवास सुटतो. शनिवार रिकामा, जड. त्या दिवशी काही जण कबरस्तानात जाऊन गवत उपटतात, कबरींना चुना लावतात.

कारण रविवारी भल्या पहाटे सगळ्यांना तिथेच जायचे असते. अंधार असतानाच प्रभातफेरी निघते, गाणी म्हणत कबरस्तानाशी पोचते. शुभवर्तमानातल्या बायाही पहाटेच कबरीकडे गेल्या होत्या आणि ती रिकामी असल्याची बातमी त्यांनीच आणली. आजीच्या, काकाच्या, लहानपणीच गेलेल्या भावाच्या कबरीवर मेणबत्ती आणि झेंडूची दोन फुले ठेवली जातात. पूर्वेला तांबडे फुटता फुटता उपासना सुरू होते. मुंबई-वसईकडे ईस्टरला साखरेची अंडी असतात, इथल्या मुलांना बहुधा जिलेबी किंवा लाडू मिळतो, आणि दुपारी चाळीस दिवसांनी घरात मटणाचा रस्सा उकळतो. होळीला पुरणपोळीचे ताट आले होते, ते मोकळे परत द्यायचे नसते. शेजारी मांसाहारी असले तर त्यात रश्श्याची वाटी जाते, माळकरी असले तर शेवयांची खीर.

उपवासकाळात थांबलेली लग्ने आता निघतात. पाळक रविवारपासून चर्चमध्ये लग्नांच्या नोटिसा वाचू लागतो, आणि कणगीतली नवी ज्वारी पाहुण्यांसाठी दळायला जाते.

(पुढील आठवड्यात : जैन घरांतले पर्युषण)