पोटुशीचं चालणं

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सूनबाईला सातवा लागला होता. पहाटे साडेपाचला ती बूट घालून दाराशी उभी, तोच शेजारच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "अगं, अशा दिवसांत कशाला ही वणवण?" नागपूरचं ऊन आठपासूनच भाजून काढतं, म्हणून ही वेळ. मीही चपला सरकवल्या आणि तिच्याबरोबर निघाले.

काकूंचं ते वाक्य माझ्या ओळखीचं. १९८८ साली मी बँकेत कॅश काउंटरला होते. आधीचं बाळ तिसऱ्या महिन्यात गेलेलं. पुन्हा दिवस राहिले, तेव्हा एका डॉक्टरांनी कारण न सांगता झोपून राहायला सांगितलं. छताचा पंखा, भिंतीवरचं कॅलेंडर आणि मी! नोटांच्या गड्डीत कधी चुकले नाही. पण त्या खोलीत रात्रीतून दहादा उठून डाग तर पडला नाही ना, हे बघत असे. शेवटी नर्स असलेल्या नणंदबाईंनी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, सगळं ठीक होतं. म्हणाल्या, "चाला." पहिल्या दिवशी धरमपेठेतून ट्रॅफिक पार्कपर्यंत जेमतेम दहा मिनिटं. आठवडाभरात झोप लागू लागली.

तेव्हा जगातले तज्ज्ञही बिचकतच होते. १९८५ साली अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं गर्भवतीची नाडी मिनिटाला १४० च्या वर जाऊ नये, असं बजावलं होतं. १९९४ मध्ये ती मर्यादा काढली. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते, की अडचण नसेल तर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. चालता चालता गप्पा मारता आल्या पाहिजेत, हे सोपं माप. नियमित व्यायामानं अनेकींची चिंता हलकी होते, झोप सुधारते. मात्र रक्तस्राव, खाली आलेली वार, वाढलेला रक्तदाब यांत डॉक्टरांचाच शब्द. चालताना चक्कर आली, पोट कळा देऊ लागलं, तर तिथंच थांबायचं. आणि भीती दिवसेंदिवस हटतच नसेल तर नुसत्या चालण्यावर भागवू नये, मनोविकारतज्ज्ञांना जरूर भेटावं.

"आमच्या आज्या दळण-कांडण करून बाळंत व्हायच्या," असं कुणी म्हणालं की मला राग येतो. ते कष्ट होते, तेही अनेकदा अर्धपोटी. त्यांना भीती वाटते का, हे कुणी विचारलं होतं?

चौथ्या दिवशी, झाडांखालच्या रस्त्यावर, सूनबाई एकदम म्हणाली, "आई, मला रात्री फार भीती वाटते हो."

"मलाही वाटायची," मी म्हटलं.

पुढच्या वळणापर्यंत दोघी गप्प. मग तिनं हळूच विचारलं, "तुमचं ते पहिलं... कुठल्या महिन्यात होतं?"

इतक्या वर्षांत घरात हे कुणी विचारलं नव्हतं. आम्ही त्या दिवशी एक फेरी जास्त मारली.