शेजारचे सूर (भाग ७) : पैनगंगेच्या दोन्ही काठांना
यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते. इंग्रजांच्या काळी नदीच्या अलीकडे वऱ्हाड होता, पलीकडे निजामाचं राज्य. आता पलीकडे नांदेडचे माहूर-किनवट तालुके आणि पुढे तेलंगणातलं आदिलाबाद. १९५६ पर्यंत किनवटसुद्धा आदिलाबादेतच मोडायचं. सरकारं बदलली, हद्दी सरकल्या. गोंड, कोलाम, परधान, बंजारा मात्र दोन्ही काठांना तसेच नांदत राहिले. तेव्हा गाणं नेमकं कुठे बदलतं, हे शोधायला नकाशा फारसा कामाचा नाही.

परधान हे राजगोंडांचे परंपरेनं चालत आलेले भाट. परधानाचं एकेक घराणं गोंडांच्या ठरावीक घराण्यांशी बांधलेलं असतं. कुळाच्या मोठ्या देवाची, पर्सापेनाची पूजा परधानाच्या गाण्यावाचून पुरी होत नाही. त्याची किंगरी तीन तारांची, गजानं वाजवायची; लाकडी पोटावर कातडं मढवलेलं. किंगरीवाला कथा लावून धरतो, साथीला ढोल आणि सनईच्या जातीची पेपरी असते. कुळांची उत्पत्ती, गोंडांचा आदिपुरुष लिंगो याचा पराक्रम असं ते सगळं आख्यान. मोबदल्यात धान्य, कपडा, एखाद्या वेळी गुरंही मिळत.

आता खरी गंमत. आदिलाबादकडच्या या परधानांची घरची बोली मराठी! १९४०च्या दशकात तिथल्या मारलवाई गावात राहून गोंडांचा अभ्यास करणाऱ्या फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनीही हे लिहून ठेवलं आहे. घरात पोरांवर मराठीत डाफरणारा माणूस यजमानाच्या अंगणात बसला की गोंडीत गाणार. ज्याच्या कुळाची कथा, त्याची भाषा. गाणाऱ्यानं आपली बाजूला ठेवायची.

परधान उत्तरेला नर्मदेकडेही आहेत. तिथे त्यांच्या वाद्याला बाना म्हणतात. पाटनगढचा जनगढसिंह श्याम याच परधानांतला. भोपाळच्या भारत भवनाच्या मंडळींनी त्याला हेरलं आणि जे देव पूर्वज गाण्यात आळवत, ते तो कागदावर रंगवू लागला. प्रदर्शनांत ‘गोंड चित्रं’ म्हणून आपण कौतुकानं घेतो ती बरीचशी या परधानांची. नाव यजमानाचं, हात भाटाचा. पैनगंगेकाठी अशी चित्रशैली उभी राहिली नाही. इथे सगळा भार किंगरीवरच राहिला.

पुसद-दिग्रस भागातल्या बंजारा तांड्यांची तऱ्हा याच्या अगदी उलट. होळीला डफाच्या ठेक्यावर फेर धरून लेंगी म्हणतात ती गोरबोलीत, म्हणजे राजस्थानी वळणाच्या बोलीत. आणि तेलंगणातल्या लंबाडी तांड्यांवरही तीच बोली. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून फिरणाऱ्या या समाजाचा धंदा रेल्वे आणि सडकांनी मोडला, तांडे जागच्या जागी रुजले. बाजारात ते मराठी किंवा तेलुगू बोलू लागले. लेंगीला तशी गरज पडली नाही, कारण ती ऐकणारा तांडाच. तिथे यजमान नाही, बिदागी नाही, मग दुसऱ्याच्या भाषेत गायचं कशाला?

पुढच्या भागात वऱ्हाडातली भुलाबाई आणि पुण्याकडचा भोंडला : एकीचा मुक्काम महिनाभर, दुसऱ्याचा नवरात्रापुरता.