नऊ इंची पास

औंढा रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडसमोर मोडक्या सायकली एकमेकींवर रेलून पडल्या आहेत. सगळ्या काळ्या, उंच दांडीच्या. मिस्त्री त्यातला एकेक सांगाडा उचलतो, पान्याने नळी वाजवून बघतो. आतून गंजलेली नळी बद्द वाजते. ती भंगारात जाते. खणखणीत वाजली तर शेडमध्ये.

जुलै लागलाय. दोन दिवसांची उघाड आहे, सोयाबीनच्या ओळी लांबून दिसायला लागल्यात आणि ओळींच्या मधलं तणही. म्हणून इथे गर्दी आहे. हिंगोली जिल्ह्यात या दिवसांत सायकल घेऊन वेल्डिंगच्या दुकानात आलेल्या माणसाला काय पाहिजे, हे विचारावं लागत नाही. त्याला कोळपं पाहिजे असतं. बैलजोडी वर्षभर पोसणं दोन-चार एकरवाल्याला झेपत नाही, खुरपायला बायका वेळेवर मिळत नाहीत, आणि पीक उभं असताना ट्रॅक्टर आत घालता येत नाही. राहतं ते सायकलीचं कोळपं, एका माणसाने ढकलायचं.

आता आलेलं जोडपं सेनगावकडचं आहे. मामांनी स्वतःची सायकल आणलीय, ॲटलस. समोरच्या नळीवरचा पत्र्याचा बिल्ला अजून शाबूत आहे. ही कंपनी सोनीपतची; तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनी. मामांना त्याचं काही नाही. त्यांचा जीव बिल्ल्यात आहे. "तेवढा राहू द्या," ते सांगतात. मिस्त्री मान डोलावतो आणि ग्राइंडर चालू करतो.

मागचा त्रिकोण सगळा जायचाय. पुढचा चिमटा, समोरची नळी आणि तिथून खाली येणारी तिरकी नळी, एवढंच ठेवायचं. पोऱ्या पायडलचा आस काढायला बसलाय आणि उजवीकडची वाटी काही केल्या फिरत नाही. "उलटे आटे हायती तिकडं," मिस्त्री वर न बघता ओरडतो. पोऱ्या पाना उलटा फिरवतो, वाटी कुरकुरत सुटते, गंजके छर्रे मातीत सांडतात.

सीटखालची नळी मिस्त्री कापत नाही, गॅसच्या ज्योतीने तापवून सोडवतो. सांध्यावरची जाड बाही लाल होते आणि तिच्या कडेने पिवळं काहीतरी पाझरायला लागतं. पितळ आहे. जुन्या सायकलींचे सांधे असेच: नळी बाहीत बसवायची, टाकणखार लावायचा आणि नऊशे अंशांच्या आसपास पितळ वितळवून फटीत ओढून घ्यायचं. नळीचं लोखंड स्वतः वितळत नाही, म्हणून तिची ताकद फारशी कमी होत नाही. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीच्या ५३१ नळ्या १९३५पासून जगभरच्या कारागिरांनी याच पद्धतीने जोडल्या, गिऱ्हाइकाच्या हातापायांची मापं घेऊन. ती सायकल मिरवायची असते, ही चिखलात जायची आहे. पण माप इथेही घेतलं जातं, आणि मला वाटतं, जास्त नेटाने.

"ढकलणार कोण?" मिस्त्री विचारतो.

मामा छाती पुढे काढून उभे राहतात. मावशी हसतात. "ह्यांचं माप कशाला घेता? मी ढकलणार हाय. ह्यांना लईच हौस आली तर वाकून ढकलतील."

मिस्त्री मावशींना पाइपाशेजारी उभं करतो. कोपर किंचित वाकवून मूठ जिथे येते तिथे खडूची रेघ. मूठ वर गेली तर सगळा जोर खांद्यावर येतो, खाली गेली तर संध्याकाळी कंबर धरते. मग मावशी पदराच्या गाठीतून एक सुतळी काढतात. त्यांनी दोन ओळींमधलं अंतर मोजून आणलंय. दीड फूट. दोन्हीकडे चार-चार बोटं पिकाला सोडली तरी बारा इंचांची पास, म्हणजे तण कापणारं आडवं पातं, बसते, असा त्यांचा हिशेब.

"बाराला बैल लागंल, मावशी. नऊ घ्या."

"मग एका ओळीत दोनदा फिरू का?"

यावर बराच वाद होतो. काळ्या रानात प्रत्येक इंचाला जोर वाढतो, हे मावशींनाही ठाऊक आहे. त्यांना फक्त ते मिस्त्रीच्या तोंडून ऐकायचं असावं. नऊवर ठरतं.

पास ट्रकच्या जुन्या कमानपाट्याची. ती जानोळ्यांना, म्हणजे पास धरणाऱ्या दोन उभ्या दांड्यांना, वेल्डिंगने का जोडत नाही, असं मी विचारतो. पाट्याचं लोखंड कडक. वेल्डिंगने तापून झटकन गार झालं की सांध्याशेजारी काचेसारखं तडकतं. म्हणून नटबोल्ट. जानोळी मात्र वेल्डिंगने, पायडलचा आस जिथे फिरत होता तिथेच बसतात. आधी एका बाजूने टाका, लगेच समोरच्या बाजूने दुसरा. एकाच बाजूने भरत गेलं तर थंड होताना सांधा तिकडे ओढ खातो. टाक्यांवर जोड धरला की चाकाच्या मध्यापासून पासेच्या मध्यापर्यंत दोरी ताणायची. बोटभर फरक निघतो. मिस्त्री हातोडीचे दोन ठोके देतो, परत दोरी धरतो, मगच पूर्ण भरतो. चिमटाही टाके मारून कायमचा सरळ करून टाकतो. वळणारं कोळपं पीक कापतं. टायरमध्ये हवा नाही, जुन्या ट्यूबचे तुकडे ठासलेत. बाभळीच्या काट्याला आता काय करायचंय ते करू दे.

जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे यांनी असं सायकलीचं कोळपं घडवून त्याला 'कृषिराजा' नाव दिलं होतं, राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्याची दखलही घेतली. मिस्त्रीला हे नाव माहीत नाही. त्याने कुठल्याशा बाजारात एक कोळपं पाहिलं आणि घरी येऊन अंदाजाने उतरवलं.

शेडमागच्या पट्ट्यात मावशी कोळपं घालतात. पास वरच्यावर घसरते, तण नुसतं लोळतं. मिस्त्री बोल्ट सैल करून पासेचं तोंड थोडं खाली करतो. आता ती रुतून बसते. मग अर्धं सूत वर. मावशी पाच-सात पावलं सलग जातात, मागे मुळं उघडी पडतात.

मजुरी ठरवताना मामांना मागचं चाक आठवतं. चाळीस तारांचं, रिम सरळ. ते मजुरीत धरलंय, असं मिस्त्रीचं म्हणणं. मामा गप्प होतात; मावशी होत नाहीत. त्या चाक उचलून कोळप्याला बांधायला लागतात.

"पुढच्या साली सुनंला करून घेऊ. तिची उंची जास्त हाय, आताच लिहून ठेवा."