स्नो ब्लोअर घेण्याआधी गल्लीतला प्लाऊ बघा

मराठीत गोळेवाला किसून देतो तोही बर्फ आणि आभाळातून भुरभुरतो तोही बर्फ. टोरांटोच्या नाहीतर न्यू जर्सीच्या उपनगरात घर घेतलं की पहिल्याच हिवाळ्यात हा एक शब्द अपुरा पडतो. म्हणून इथली आपली माणसं सरळ ‘स्नो’ आणि ‘आईस’ असं वेगळं बोलतात. यंत्र घेताना हा भेद कामाचा आहे. स्नो ब्लोअर फक्त स्नो उडवतो. जमिनीला चिकटून काच झालेला आईस त्याने निघत नाही, त्याला मीठच लागतं.

हे यंत्र क्वेबेकच्या आर्थर सिकार यांनी १९२५ साली बनवलं आणि १९२७ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या उत्रमाँ गावाला विकलं. ते रस्त्यांसाठीचं धूड होतं. आज आपल्याला हवं आहे ते गराजच्या कोपऱ्यात मावणारं, दोरी न ओढता बटणावर सुरू होणारं, बॅटरीवर चालणारं यंत्र. पेट्रोलवाल्याच्या तुलनेत आवाज कमी, त्यामुळे पहाटे पाचला वापरलं तरी शेजाऱ्याला तोंड दाखवता येतं. शिवाय उन्हाळाभर टाकीत राहून पेट्रोल शिळं होतं आणि पहिल्या वादळात यंत्र सुरूच होत नाही, ही कटकट नाही.

आधी टेप घेऊन बाहेर जा. ड्राइव्हवे म्हणजे फाटकापासून गराजपर्यंतची गाडीवाट. दोन गाड्यांची असेल तर समजा सहा मीटर रुंद आणि बारा मीटर लांब, म्हणजे ७२ चौरस मीटर. त्यात घरापुढचा फुटपाथ मिळवा. अनेक गावांत तो साफ करणं घरमालकाचंच काम असतं आणि न केल्यास दंड होतो.

आता वजन काढू. साधारण दहा सेंटिमीटर स्नो वितळला की एक सेंटिमीटर पाणी होतं. म्हणजे पंधरा सेंटिमीटर स्नोमध्ये दर चौरस मीटरला पंधरा किलो पाणी. ७२ चौरस मीटरला १०८० किलो, एका टनाच्या वरच. हा झाला मध्यम स्नो. तापमान शून्याच्या आसपास असताना पडतो तो ओला, भिजल्या कणकेसारखा. तो याच्या दुप्पटही भरतो. फावड्याने हे करताना दर हिवाळ्यात माणसांना हृदयविकाराचे झटके येतात. पन्नाशी ओलांडली असेल तर यंत्राच्या किमतीची घासाघीस जरा बेताने करा.

गाव कुठलं, हेही बघायला हवं. न्यूयॉर्क शहरात वर्षाला सरासरी पाऊण मीटर स्नो पडतो, टोरांटोत सव्वा मीटरच्या आसपास आणि बफेलोत जवळजवळ अडीच मीटर. बफेलोचं कारण इरी सरोवर. थंड वारा न गोठलेल्या सरोवरावरून येताना वाफ उचलतो आणि पूर्वेच्या काठावर ओततो. न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या मित्राने शिफारस केलेलं यंत्र बफेलोत चालेलच असं नाही.

पण माझ्या मते खरी परीक्षा या आकड्यांत नाही. ती आहे ड्राइव्हवेच्या तोंडाशी.

आपण तासभर राबून अंगण लख्ख करतो, चहा टाकतो आणि तेवढ्यात नगरपालिकेचा प्लाऊ, म्हणजे पुढे लोखंडी पातं लावलेला ट्रक, रस्ता साफ करत जातो. रस्त्यावरचा सगळा स्नो तो कडेला लोटतो आणि आपल्या फाटकाशी गुडघाभर बांध घालून जातो. या बांधात स्नो असतो, आईसचे गोळे असतात, मीठ आणि खडी असते. तासाभरात तो घट्ट होतो, रात्रभरात दगड होतो. खोक्यावरचं ‘वीस सेंटिमीटरपर्यंत सहज’ हे वाक्य भुसभुशीत स्नोबद्दल असतं, या बांधाबद्दल नसतं. पहिल्या वर्षी नाराज होतात ती माणसं बहुतेक इथेच नाराज होतात.

म्हणून खरेदीआधी शेजाऱ्यांना एवढंच विचारा: प्लाऊ गेल्यावर तोंडाशी किती बांध साचतो आणि नगरपालिका तो उचलते का? टोरांटो शहरात बऱ्याच भागांत हा बांध काढून देण्याची सेवा आहे. आपल्या गावात तशी सोय नसेल, तर यंत्र एक पायरी वरचं घ्यावं लागेल.

या पायऱ्या कोणत्या, ते बघू. सगळ्यात लहान ते पॉवर शॉव्हेल, म्हणजे विजेवर चालणारं फावडं. फूटभर रुंद, हातात उचलता येणारं. टाउनहाऊसची छोटी जागा, पायऱ्या, मागचं डेक यांच्यासाठी उत्तम. ड्राइव्हवे त्याने करू नका, कंबर धरते.

त्यावर सिंगल-स्टेज, म्हणजे एकटप्पी. पुढच्या तोंडात रबरी कडांचं मळसूत्री पातं फिरतं, त्याला ऑगर म्हणतात. तेच स्नो ओढतं आणि तेच वरच्या नळकांड्यातून भिरकावतं. रुंदी साधारण २० ते २२ इंच. रबर जमिनीला घासत जातं, त्यामुळे फरशी जवळजवळ कोरडी निघते. पण याच कारणाने खडीच्या वाटेवर हे वापरू नये, खडे गोळीसारखे उडतात आणि शेजाऱ्याच्या खिडकीपर्यंत जातात.

टू-स्टेज म्हणजे दुटप्पी यंत्रात लोखंडी दातेरी ऑगर स्नो फोडतो आणि त्यामागचा पंखा तो दूर फेकतो. तोंड २४ इंच किंवा अधिक, चाकं मोटरने फिरतात, आणि दोन बाजूंच्या घसरपट्ट्या वरखाली करून पातं जमिनीपासून उचलता येतं. खडीवर हेच चालतं. प्लाऊचा बांधही हेच खातं. मात्र वजन आणि किंमत दोन्ही भारी, आणि बॅटऱ्याही जास्त पितं.

एकटप्पीवरचे ‘सेल्फ-प्रोपेल्ड’ हे शब्द नीट वाचा. काही यंत्रांत चाकांना खरोखर मोटर असते. काहींत तसं काही नसतं. दांडा किंचित वर उचलला की रबर जमिनीला टेकून यंत्राला पुढे ओढतं, एवढंच. सपाट जागेवर ते पुरतं. चढाच्या ड्राइव्हवेवर पुरत नाही.

आता बॅटरी. दुकानात ४०, ५६, ६०, ८० व्होल्ट असे मोठे आकडे रंगवलेले असतात आणि आपल्याला वाटतं ८० म्हणजे ४० च्या दुप्पट. तसं नसतं. व्होल्ट म्हणजे पाण्याच्या नळाचा दाब समजा. टाकी किती मोठी, ते अँपिअर-अवर या बारीक अक्षरातल्या आकड्यावरून कळतं. दोघांचा गुणाकार केला की येतात वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत एकूण साठलेली ऊर्जा. तुलना याच आकड्याची करायची. ८० व्होल्ट गुणिले ४ म्हणजे ३२०. ४० व्होल्ट गुणिले ७.५ म्हणजे ३००. दोन्ही जवळपास सारख्याच!

आणखी एक बारकावा. ‘४० व्होल्ट मॅक्स’ असं लिहिलेली बॅटरी पूर्ण भरल्याक्षणी तेवढी असते. काम करताना सरासरी ३६ च धरायची. म्हणजे ३०० चे २७०. फसवणूक नाही, बऱ्याच कंपन्या असं लिहितात. बॅटरीच्या पाठीवरच्या लेबलवर बहुधा वॉट-अवर छापलेलेच असतात, ते वाचा.

हे किती वेळ पुरेल? यंत्र सरासरी १२०० वॉट खात असेल आणि आपल्याकडे २८० वॉट-अवरच्या दोन बॅटऱ्या असतील, तर ५६० भागिले १२००, म्हणजे २८ मिनिटं. ओल्या स्नोमध्ये मोटर जास्त ओढते आणि हा वेळ झपाट्याने घटतो. आपली ७२ चौरस मीटरची वाट २१ इंची तोंडाने करायची तर पट्टे थोडे एकमेकांवर घेत चौदा खेपा होतात, प्रत्येक बारा मीटरची. कोरड्या स्नोत हे जमतं. ओल्यात जमेलच असं नाही. म्हणून चार्जर किती वेळात भरतो ते आधी विचारा. खोक्यात कधी कधी संथ चार्जर देतात, आणि एक बॅटरी भरायला दोन-अडीच तास लागले तर मधल्या वेळात बाहेर पुन्हा साचतं.

थंडीची गोष्ट मी स्वतः चूक करून शिकलो. पहिल्या हिवाळ्यात यंत्राशेजारी गराजमध्येच बॅटऱ्या ठेवल्या. सकाळी उणे पंधरा होतं. अर्ध्या ड्राइव्हवेवर पहिली संपली, ती चार्जरवर लावली तर लाल दिवा लुकलुकत राहिला. मला वाटलं बॅटरी मेली. ती फक्त गारठली होती. लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, त्यामुळे तीच बॅटरी कमी काम देते. आणि शून्याखाली ती चार्ज केली तर आत लिथियमचा थर साचून कायमचं नुकसान होतं, म्हणून चांगला चार्जर चार्ज करायलाच नकार देतो. उपाय सोपा: बॅटऱ्या घरात, उबेत ठेवायच्या आणि बाहेर पडताना यंत्रात घालायच्या. परत आणल्यावर तासभर घरच्या तापमानाला येऊ द्यायच्या, मग चार्ज.

पैशाचं बोलायचं तर खर्चाचा मोठा वाटा बॅटरीचाच असतो. म्हणून यंत्र निवडताना आपण खरं तर बॅटरीचं घराणं निवडत असतो. लॉनमोव्हर आधीच एखाद्या कंपनीचा असेल तर त्याच बॅटरीवर चालणारा ब्लोअर बघा. नुसतं यंत्र, बॅटरीविना, बरंच स्वस्त मिळतं. फक्त आपली जुनी बॅटरी पुरेशा क्षमतेची आहे ना, ते तपासा. आणि वॉरंटी यंत्राची वेगळी, बॅटरीची वेगळी आणि सहसा कमी वर्षांची असते. दोन्ही वाचा. ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या स्वस्त बॅटऱ्या घेऊ नका, घरात चार्जिंगला लावायची वस्तू आहे ती.

दुकानात गेल्यावर यंत्राला हात लावून बघा. जाड हातमोजे घालून बटण दाबता येतं का? नळकांडं चालता चालता वळवता येतं, की दर वेळी थांबून पुढे जावं लागतं? दिवा आहे का? डिसेंबरात आपण अंधारातच काम करणार आहोत. आणि गराजमध्ये एखादी पायरी असेल तर ते वजन आपल्याला आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला उचलतं का?

खरेदी सप्टेंबर-ऑक्टोबरात करावी. पहिल्या वादळाचा अंदाज आला की दुकानातली रांग गणपतीच्या आदल्या दिवशीच्या दादरसारखी असते. मार्चनंतर भाव उतरतात, पण वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात आणि दोष असला तरी तो डिसेंबरात कळतो.

यंत्र घरी आलं की वादळाआधीच एकदा सुरू करून बघा. ड्राइव्हवेवरचं वर्तमानपत्र, पायपुसणं, मुलांची खेळणी उचला. स्नोखाली गेली की ती ऑगरमध्ये जातात. नळकांड्याच्या आत सिलिकॉनचा फवारा मारा, ओला स्नो कमी चिकटतो. मोठ्या वादळात सगळं थांबायची वाट न बघता दहा-पंधरा सेंटिमीटर साचला की एक फेरी करा, बॅटरी चार्जला लावा, मग दुसरी. वाऱ्याच्या दिशेने उडवा आणि रस्त्यावर फेकू नका, बहुतेक गावांत ते नियमाविरुद्ध आहे.

प्लाऊच्या बांधावर एक जुनी युक्ती आहे. रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं की इथे प्लाऊ आपल्या डावीकडून येतो. फाटकाच्या डाव्या बाजूला, रस्त्याच्या कडेने दोन-तीन मीटरचा कप्पा आधीच मोकळा करून ठेवा. पात्यावरचा बराच ऐवज त्या कप्प्यात पडतो आणि आपल्या तोंडाशी कमी उरतो. उरलेला बांध ताजा असतानाच, अर्ध्या रुंदीचे घास घेत काढा. दगड झाला असेल तर आधी फावड्याने फोडा.

नळकांडं तुंबणार, हे धरून चाला. आणि इथे आपली एक स्वयंपाकघरातली सवय विसरायची आहे. पुरणयंत्रात पुरण अडकलं की आपण बोटाने ढकलतो. इथे कधीच नाही. आधी मोटर बंद, मग सुरक्षा किल्ली आणि बॅटरी बाहेर, मग पातं पूर्ण थांबल्याची खात्री, आणि त्यानंतरही हात नव्हे, यंत्रासोबत मिळालेली प्लास्टिकची काठी. दर हिवाळ्यात या यंत्रांमध्ये माणसांची बोटं जातात, आणि बऱ्याचदा ‘यंत्र तर बंदच होतं’ असं वाटत असतानाच.

माझं मत विचाराल तर टोरांटो किंवा न्यू जर्सीत, दोन गाड्यांच्या डांबरी किंवा सिमेंटच्या सपाट ड्राइव्हवेला २१ इंची एकटप्पी यंत्र आणि दोन मोठ्या बॅटऱ्या पुरतात. खडी असेल किंवा बांध दर वेळी गुडघ्यापर्यंत येत असेल, तर दुटप्पी. बफेलोत लांब ड्राइव्हवे असेल, तर मी आजही पेट्रोलचंच घेईन.

एप्रिलमध्ये यंत्र पुसून, रबर किती झिजलंय ते बघून ठेवा. नवं रबर उन्हाळ्यात निवांत मागवता येतं. बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या ठेवू नका, निम्म्या भरून घरातल्या गार, कोरड्या कपाटात ठेवा. आणि सुरक्षा किल्ली यंत्रात न ठेवता, मुलांचा हात पोचणार नाही अशा खिळ्यावर.