मोजलेला श्वास

वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात एखाद्या तांड्यावर आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, बाळंतिणीच्या घरी जाते, तेव्हा तिच्या पिशवीत फार काही नसतं. झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, सेकंद दाखवणारं घड्याळ, बाळाला गुंडाळायला कापड आणि भरायचा फॉर्म. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने जायचं; घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. हात धुवून ती बाळाचं झबलं वर करते आणि मिनिटभर नुसती त्याच्या पोटाकडे पाहत राहते. घरातल्या आजीबाईंना वाटतं, ही औषध ना पाणी, नुसती बघत काय बसलीय?

ती श्वास मोजत असते. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर ते धोक्यात असू शकतं. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ही मर्यादा ५०, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत ४०. मोजताना बाळ शांत हवं. रडत असेल किंवा अंगावर पीत असेल तर आकडा फसवा येतो. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं, असंही चालत नाही. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही, मध्येच काही सेकंद थांबतो, मग भराभर चालतो. म्हणून पूर्ण मिनिट मोजायचं, आणि ६० किंवा जास्त आलं तर पुन्हा एकदा मोजून खात्री करायची.

त्या एका मिनिटामागे चाळीस वर्षांचं संशोधन उभं आहे, आणि त्यातलं फार मोलाचं काम आपल्या विदर्भातच झालेलं आहे.

न्यूमोनिया ओळखायचा तर एक्स-रे हवा, छातीला नळी लावणारा डॉक्टर हवा, अशी समजूत होती. जिथे दोन्ही नाहीत तिथल्या मुलांनी काय करायचं? पापुआ न्यू गिनीत काम करणाऱ्या फ्रँक शान या बालरोगतज्ज्ञाने १९८०च्या दशकात दाखवून दिलं, की खोकणाऱ्या मुलाचा श्वास किती वेगाने चालतो आणि त्याची छाती आत ओढली जाते का, एवढं नीट पाहिलं तरी औषध कोणाला द्यायचं आणि दवाखान्यात कोणाला न्यायचं हे बऱ्याच अंशी ठरवता येतं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष याच वाटेने आले.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू केलं. तिथे अडचण आणखी एक पायरी खालची होती. गावात बाळाजवळ असायची ती दाई, आणि बहुतेक दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग श्वास मोजायचं एक साधं साधन तयार झालं: मिनिटभर चालणारं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेल्या मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. लहान बाळासाठीच्या ओळीत सहावा मणी लाल, मोठ्या मुलासाठीच्या ओळीत पाचवा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजून उपचार सुरू करायचे. दाईला गणित शिकवत बसण्याऐवजी संशोधकांनी गणितच तिच्या बोटांच्या आवाक्यात आणलं, हे मला या साऱ्या कामातलं सर्वांत मोठं शहाणपण वाटतं.

साधन चांगलं आहे, एवढं म्हणून भागत नाही. त्याने मुलं वाचतात का, हे तपासावं लागतं. गडचिरोलीत ५८ गावांत गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी आणि दायांनी न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमोक्साझोल हे साधं प्रतिजैविक दिलं. ४४ गावं तुलनेसाठी ठेवली, तिथे नेहमीच्या सरकारी सेवा चालू राहिल्या. अशी तुलना नसेल तर आपण सहज फसतो. एखाद्या वर्षी पाऊसपाणी बरं झालं, रस्ता झाला, गोवराची साथ आली नाही, म्हणूनही मृत्यू कमी होतात आणि श्रेय आपल्या औषधाला जातं. ‘लॅन्सेट’मध्ये १९९० साली आलेला निकाल असा होता: न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी. उपचार मिळालेल्या मुलांत न्यूमोनियाने दगावण्याचं प्रमाण ०.८ टक्के, तर तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के.

त्यानंतर नवजात बाळांकडे लक्ष गेलं. १९९५-९६मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांना महिनाभर घरी जाऊन तपासलं, तेव्हा ५४ टक्के बाळांना कधी ना कधी उपचारांची गरज होती आणि ते मिळाले फक्त २.६ टक्क्यांना. बाकीची बाळं घरातच बरी झाली किंवा घरातच गेली. सव्वा महिना बाळ-बाळंतिणीने खोलीबाहेर पडायचं नाही, ही आपली रीत. बाळ बाहेर येणार नसेल तर उपचार आत जायला हवेत, या विचारातून गावातल्या बायका ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार झाल्या. बाळाला ऊब देणं, वजन करणं, स्तनपान नीट होतंय का पाहणं, जन्मतः न रडलेल्या बाळाला श्वास देणं ही कामं त्या शिकल्या. जंतुसंसर्ग ओळखायला सात खुणा ठरल्या. बाळाचं पिणं कमी झालं किंवा थांबलं. रडणं क्षीण झालं. हातपाय लुळे पडले. अंग गार लागतंय. पोट फुगलं किंवा उलट्या होताहेत. छाती आत ओढली जातेय. बेंबीत पू झाला. यातल्या दोन एकाच वेळी दिसल्या की उपचार सुरू. यातली एकही खूण पाहायला यंत्र लागत नाही, आणि बहुतेक आईच्या नजरेला सगळ्यांत आधी पडतात. ३९ गावांत हे काम झालं, ४७ गावं तुलनेला होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्क्यांची घट दिसली. डिसेंबर १९९९च्या ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं आणि २०११ साली केंद्र सरकारने आशांच्या गृहभेटींची योजना देशभर लागू केली. वाशिमच्या आशाताईच्या पिशवीपर्यंत ते आलं ते या वाटेने.

वाटेत काही गळलंही. गडचिरोलीची आरोग्यदूत जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायची. आशा देत नाही. २०१४च्या सरकारी मार्गदर्शनानुसार, बाळाला मोठ्या दवाखान्यात नेणं शक्य नसेल तेव्हा ते इंजेक्शन उपकेंद्राची परिचारिका (एएनएम) देऊ शकते. ते प्रत्यक्षात जमतं का, हे पुणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात तपासलं गेलं आणि तो अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. दुर्गम भागातल्या बाळाच्या दृष्टीने अशा शोधनिबंधाचं मोल नव्या इमारतीपेक्षा कमी नाही.

कारण आता अडचणीचं रूप बदललं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. लोक दवाखान्यापर्यंत पोचू लागले, मग तिथे काय मिळतं? ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’च्या आयोगाने २०१८मध्ये १३७ अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांचा हिशेब मांडला. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर टळले असते अशा वर्षाच्या ८६ लाख मृत्यूंपैकी ३६ लाख दवाखान्यापर्यंत न पोचल्यामुळे झाले होते, आणि ५० लाख पोचूनही उपचार नीट न मिळाल्यामुळे.

नीट न मिळणं म्हणजे काय, हे जुलाबाच्या उदाहरणावरून स्वच्छ कळतं. हगवण लागलेल्या मुलाला ओआरएस आणि चौदा दिवस झिंक, एवढा हा इलाज. तो स्वस्त आहे, आणि ओआरएस जीव वाचवतं हे अर्धशतकापासून सिद्ध आहे. बिहारच्या ग्रामीण भागात संशोधकांनी आधी डॉक्टरकी करणाऱ्यांना तोंडी विचारलं, असं मूल आलं तर काय द्याल? सुमारे ७२ टक्के म्हणाले, ओआरएस. मग त्यांच्याकडे प्रशिक्षण दिलेली माणसं पाठवली, जी मुलाचे पालक असल्याचं सांगून तीच लक्षणं सांगत. ओआरएस दिलं फक्त १७ टक्क्यांनी. २०१५ साली हा अभ्यास आला तेव्हा स्पष्ट झालं की उणीव माहितीची नाही. माहिती हातात उतरत नाही.

का उतरत नाही? ‘सायन्स’मध्ये २०२४ साली आलेल्या मोठ्या अभ्यासाने याचा छडा लावला. कर्नाटक आणि बिहारमधल्या २५३ गावा-शहरांत दोन हजारांहून जास्त खाजगी डॉक्टर-वैद्यांकडे अशीच माणसं गेली. दोन वर्षांचं मूल घरी आहे, त्याला जुलाब होताहेत, असं सांगत. ओआरएसचा साठा नसणं आणि इतर औषधांतून मिळणारा नफा, या दोन्ही कारणांचा वाटा किरकोळ निघाला. सर्वांत मोठा वाटा, सुमारे ४२ टक्के, एका समजुतीचा होता: पालकांना ओआरएस नकोच असतं, असं डॉक्टरांना वाटतं. पालकाने नुसतं ‘ओआरएस चालेल आम्हाला’ अशा अर्थाचं बोलून दाखवलं, तर ते मिळण्याचं प्रमाण २७ टक्के-अंकांनी वाढलं.

हा निष्कर्ष वाचताना तालुक्याच्या गावातले दवाखाने डोळ्यांसमोर येतात. ‘डॉक्टरसाहेब, सुई द्या’, ‘एक सलाईन लावाच’ हे आपल्याकडे रोजचं बोलणं. डॉक्टर समजतात, पाकीट हातात दिलं तर हे नाराज होतील. आईवडील समजतात, डॉक्टर देतात तेच खरं औषध. दोघंही एकमेकांचा अंदाज बांधतात आणि मूल ओआरएसशिवाय घरी जातं. उद्या आपल्या वाशिम जिल्ह्यात, कारंजात किंवा रिसोडमध्ये कुणी आई हे वाचत असेल, तर तिने जुलाब झालेल्या मुलाला दाखवताना ‘ओआरएस आणि झिंक द्याल ना?’ एवढं जरूर विचारावं.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. सहा तालुके, सोयाबीन-कापसाची शेती, बारा लाखांच्या आसपास वस्ती. २०१८ साली नीती आयोगाने महाराष्ट्रातले चार जिल्हे ‘आकांक्षित’, म्हणजे विकासात मागे राहिलेले, म्हणून निवडले: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशिम. त्याच वर्षी सुरू झालेल्या लहान मुलांच्या गृहभेटींच्या नव्या योजनेत आधी असेच जिल्हे घेतले गेले. यात आशाताईने बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचं असताना घरी जायचं, वरचं अन्न कसं सुरू करायचं ते सांगायचं, लोहाचं औषध आणि ओआरएसचं पाकीट द्यायचं, लसीकरण तपासायचं.

आता एक हिशेब करून पाहा. तांड्यावरची अनेक कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यात परततात. जुलैमध्ये जन्मलेलं बाळ तीन महिन्यांचं होतं ऑक्टोबरमध्ये, म्हणजे सोयाबीनच्या सोंगणीत; आई दिवसभर शेतात. सहा महिन्यांचं होतं जानेवारीत, तेव्हा ते उसाच्या फडावर, कोपीत. नऊ महिन्यांचं होतं एप्रिलमध्ये, आणि तोवर कुटुंब परतलेलं असेलच असं नाही. म्हणजे पाच भेटींपैकी एक किंवा दोन हुकतात, आणि हुकतात त्याच ज्यांत वरण-भाताचा पहिला घास आणि गोवर-रुबेलाची पहिली लस येते. आशाताईची यात काही चूक नाही. वेळापत्रक आखताना ऊसतोडीचा हंगाम कुणी पाहिला नाही. स्थलांतरितांचा माग ठेवणारी संगणक-प्रणाली राज्याच्या महिला व बालविकास विभागाने अलीकडे आणली आहे. तिने कुटुंब कुठे गेलं हे कळेल. फडावर त्या बाळाला घास कसा भरवला गेला, हे तिथे जाऊन पाहावंच लागेल.

आणि पाहणारी माणसं आता जिल्ह्यात येऊ लागली आहेत. ऑक्टोबर २०२४मध्ये राज्यात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्‌घाटन झालं, त्यात वाशिम आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की लोकांना मोठा दवाखाना आठवतो, आणि तो हवाच आहे. पण त्यासोबत बालरोग आणि जनऔषधवैद्यक (सामुदायिक आरोग्य) असे दोन विभागही येतात, ज्यांचं कामच मुळी असे प्रश्न विचारणं हे आहे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं. ती भेट वहीत सही घेण्यापुरती ठेवायची, की त्यातून काही शोधायचं, हे महाविद्यालयाला आत्ता, सुरुवातीलाच ठरवता येईल.

शोधण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला खर्चही फार नाही. आशाताईला मानधन भेटी पूर्ण केल्याचं मिळतं. त्या भेटीत मिनिटभर श्वास मोजला गेला का, हे फॉर्मवरच्या आकड्यावरून कळत नाही. विद्यार्थ्याने तिच्यासोबत जावं, त्याच बाळाचा श्वास स्वतंत्रपणे मोजावा आणि दोन्ही आकडे ताडून पाहावेत. फरक मोठा निघाला तर दोष न देता कारण शोधावं: घड्याळ बंद आहे, बाळ रडत होतं, की एका दिवसात फार घरं करायची होती? ऊसतोडीला जाणाऱ्या तांड्यांपैकी निम्म्या ठिकाणी निघण्याआधीच्या आठवड्यात एक जादा भेट ठेवावी, उरलेल्या ठिकाणी फडावर असताना दर पंधरवड्याला आशाताईने फोन करावा. आणि परतल्यावर दोन्हीकडच्या बाळांची वजनं, लसी, खाणं यांची तुलना करावी. यातलं कुठलं उपयोगी पडतं, हे आज मुंबई-दिल्लीत बसून कुणालाही सांगता येणार नाही. ते वाशिमच्याच मानोऱ्यात आणि मालेगावात कळेल, आणि पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत कामाला लागलं तर पुढच्याच उन्हाळ्यात कळेल.