एमजीबी रोज चालवायची तर

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० दरम्यान बनलेली एमजीबी ही स्पोर्ट्‌स कार तिथे आजही रोजच्या वापरात ठेवता येते. इंजिन साधं, सुटे भाग सहज मिळतात. खरी धास्ती गंजाची. या गाडीला वेगळी चासी नाही. दाराखालच्या पोकळ पट्ट्याच बराचसा भार पेलतात. त्या आतून सडल्या की बॉडी मधोमध खचते, दारं नीट लागत नाहीत. म्हणून घेताना रंगाच्या चकाकीला भुलू नका, दाराच्या फटी बघा. खाली-वर सारख्या हव्यात. दोन्ही एसयू कार्बोरेटरच्या डोक्यावरची टोपी फिरवून आतलं तेल अधूनमधून तपासा. ते आटलं की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते. आणि चालवत राहा. महिनोन्‌महिने उभी राहिली तर ब्रेक जाम होतात, टाकीतलं पेट्रोलही खराब होतं.