उसाच्या बेटावरचा भात

मॉरिशस हा देश गोव्याच्या जेमतेम निम्म्याहून थोडा मोठा. क्षेत्रफळ 2,040 चौरस किलोमीटर, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आणि दरवर्षी येणारे पर्यटक तितकेच किंवा त्याहून जास्त. या सगळ्यांच्या पोटात जाणाऱ्या अन्नापैकी सुमारे तीन चतुर्थांश जहाजाने येते. तांदूळ आणि गहू तर जवळजवळ सगळाच बाहेरचा. अशा देशाने अन्नाचे धोरण आखायचे म्हणजे काय पिकवायचे हे ठरवण्याआधी काय पिकवायचे नाही हे ठरवावे लागते.

हा परावलंबीपणा निसर्गाने लादलेला नाही, तो इतिहासाने घडवला. डचांनी 1639 मध्ये जावाहून ऊस आणला. फ्रेंच राजवटीत कसावा आणि मका ही मळ्यांवरच्या गुलामांची मुख्य अन्ने होती. गुलामगिरी संपत आली तेव्हा, 1834 पासून, भारतातून करारबद्ध मजूर येऊ लागले. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत. आजच्या मॉरिशसमधील मराठी समाजाची मुळे त्याच प्रवाहात आहेत. मजुरांच्या करारात तांदूळ, डाळ, तेल आणि मिठाचा शिधा ठरलेला असे आणि तो तांदूळ भारतातून येई. मळ्यात ऊस, ताटात बाहेरचा भात ही घडी तेव्हा बसली.

उसाला तिथे टिकण्याचे सबळ कारणही होते. बेट ज्वालामुखीतून बनलेले असल्याने जमीन दगडाळ आहे आणि उन्हाळ्यात चक्रीवादळे येतात. भाजीचा मळा एका वादळात भुईसपाट होतो; ऊस लोळला तरी मुळे धरून राहतो आणि पुन्हा उभारी घेतो. त्यात युरोपशी झालेल्या 1975 च्या लोमे करारातील साखरेच्या तरतुदीने युरोपात ठरलेल्या कोट्याला जागतिक बाजाराहून चढी आणि खात्रीची किंमत मिळवून दिली. साखर विकून तांदूळ घेणे हा त्या काळी चोख व्यवहार होता. स्वयंपूर्णतेच्या नावाने त्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण त्या पैशावरच देशाने शाळा, दवाखाने आणि कापड उद्योग उभे केले.

मग युरोपीय संघाने 2006 पासून साखरेचा हमीदर टप्प्याटप्प्याने 36 टक्क्यांनी उतरवला आणि 2017 मध्ये उत्पादनाचे कोटेही उठवले. उसाखालचे क्षेत्र या शतकाच्या आरंभी होते त्याच्या जवळपास निम्म्यावर आले. मोकळी झालेली सगळी जमीन भाजीपाल्याला मिळाली असे नाही. काही पडीक राहिली, तर काही जमिनीवर परदेशी खरेदीदारांसाठी बंगले आणि गोल्फची मैदाने झाली. अन्नधोरणातला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे, कारण बंगल्याचा भाव बटाट्याला कधीच मिळणार नाही.

अन्नाचे जागतिक भाव 2008 मध्ये भडकले तेव्हा सरकारने अन्नसुरक्षा निधी स्थापन केला. मोझांबिकमध्ये जमीन घेऊन तिथे पिकवण्याचीही योजना झाली, पण ती मोठ्या प्रमाणावर कधीच उभी राहिली नाही. त्यामानाने घरच्या जमिनीवरचे काम अधिक फळले. ताज्या भाजीपाल्यात बेट बहुतांशी स्वयंपूर्ण आहे, अर्थात वादळ येईपर्यंत. उसाच्या दोन सऱ्यांमधल्या पट्ट्यात बटाटा घेण्याची पद्धत तिथे जुनी आहे आणि दगडाळ, अपुऱ्या जमिनीला ती शोभतेही.

कोंबडी आणि अंड्यांतही देश स्वयंपूर्ण मानला जातो. हे मात्र जपून वाचायला हवे: कोंबडी बेटावरची, तिचे खाद्य मात्र बाहेरचा मका आणि सोयाबीन. जहाज अडले तर ही स्वयंपूर्णता काही आठवड्यांची. दुधाची स्थिती याहून वाईट. ताजे दूध थोडे आणि भर आयात भुकटीवर. गुरे आणि शेळ्या मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटावरून येत, पण 2016 मध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली आणि त्या मार्गालाही धक्का बसला.

म्हणून साठा आणि खरेदी हे धोरणाचे खरे आधारस्तंभ ठरतात. अनुदानित तांदूळ आणि पीठ स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही सरकारी संस्था आणते. बटाटा, कांदा, लसूण यांची साठवण आणि आयात कृषी विपणन मंडळ पाहते. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत सुपरमार्केटेही काही दिवस बंद झाली आणि नंतर आडनावाच्या आद्याक्षरानुसार वार ठरवून खरेदीला सोडले गेले. भारताने 2023 मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली तेव्हा मॉरिशसला 14,000 टनांची खास मुभा मिळाली. मैत्री कामी आली हे खरे. पण सगळी भिस्त एकाच मित्रावर ठेवणे शहाणपणाचे नाही. पुरवठादार अनेक असावेत आणि काही महिन्यांचा साठा गोदामात असावा, एवढे तरी हवेच.

स्वस्त पांढरा तांदूळ, मैदा आणि पाव यांची दुसरी किंमत रुग्णालयात मोजावी लागते. प्रौढांपैकी जवळपास पाचव्या हिश्श्याला मधुमेह आहे. गोड पेयांवर 2013 पासून साखरेच्या प्रमाणानुसार कर आहे, पण अनुदान अजून तांदूळ आणि पिठावरच खर्च होते. त्यातला वाटा कसावा, विलायती फणस आणि कडधान्यांकडे वळवला, तर आयात आणि आजार दोन्हींना आळा बसेल. कसावा बेटाला परका नाही. माहेबूरमध्ये 1870 पासून त्याची बिस्किटे बनत आली आहेत.

राहिला शेतकरी. छोट्या बागायतदारांचे वय वाढत आहे, मुले हॉटेलांत आणि कार्यालयांत नोकरी धरतात आणि मळ्यांवर परदेशातून मजूर आणावे लागतात. शेतजमीन बांधकामापासून कायद्याने राखणे, लहान शेतकऱ्याला वादळाचा विमा देणे आणि त्याच्या मालाला हॉटेलांचे खात्रीचे गिऱ्हाईक मिळवून देणे ही तीन कामे झाली नाहीत, तर अन्नधोरणाचे बाकी कागद निरुपयोगी आहेत.